बालगृहातली मुलगी पुढच्या महिन्यात १८ ची होतेय, तिला घरी आणू का?

सोनचाफा:

नमस्कार, पोस्ट लांब होणारे, तरी प्लीज वाचा. मी पुण्यात असते, नोकरी आयटीत, आणि गेली काही वर्षं शनिवारी एका मुलींच्या बालगृहात गणित-इंग्लिश शिकवायला जाते. तिथे एक मुलगी आहे, नाव-गाव काही लिहीत नाही, नुसतं ती म्हणते. पंधरा-सोळाची असताना ओळखीतल्या एका बाईनं पार्लरचं काम शिकवते म्हणून तिला आणलं, आईच्या हातात थोडे पैसे टेकवले, आणि पार्लर वगैरे काही नव्हतंच, या लॉजवरून त्या लॉजवर. पोलिसांची रेड पडली तेव्हा सुटली. केस चालूच आहे, तिची साक्ष अजून झालेली नाही.

आता पुढच्या महिन्यात तिला १८ पूर्ण होतायत. बालगृहाच्या ऑफिसातल्या एका मॅडमनी सांगून टाकलं की वाढदिवस झाला की आई न्यायला येईल, सामान आवरून ठेव. आई फोनवर म्हणते ये, एक स्थळ बघून ठेवलंय. आणि त्या पार्लरवालीची ओळख करून देणारा माणूस कोण, तर आईचाच मानलेला भाऊ, जो अजूनही त्यांच्या घरी येऊन जेवून जातो. तिला जायचं नाहीये. मागच्या शनिवारी वर्ग सुटल्यावर थांबली आणि म्हणाली, ताई मी तुमच्याकडे येऊ का, मी घरातलं सगळं करीन, पगार पण नको.

घरात आम्ही दोघं, दोन लहान मुलं आणि सासूबाई. नवरा म्हणतो तू ठरव. सासूबाईंना खरं काय ते सांगता येणार नाही. एक खोली रिकामी आहे. मुलगी नववी अर्धवट सोडलेली पण हुशार आहे, टक्केवारी, व्याज तोंडी करते. चिडतेही फार, आणि एकदा बोलता बोलता म्हणाली की तिथं निदान हातात स्वतःचे पैसे तरी असायचे, इथं पॅडसुद्धा मागून घ्यावं लागतं. ते ऐकून मी घाबरले की ही परत गेली तर?

तर घरी आणू का? नसेल आणायचं तर नक्की काय करू? कुणाला या क्षेत्राची माहिती असेल तर सांगा, उपदेश नको.

(एडिट: खाली सांगितल्याप्रमाणे काही तपशील काढून टाकलेत.)

जुनीजाणती:

आधी पोस्ट एडिट कर गं. कुठला हायवे, कुठला तालुका, सगळं काढ. नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं नसतं, गावातला माणूस दोन ओळींत ओळखतो, आणि अशा मुलीची ओळख पटेल असं काही छापणं हा गुन्हासुद्धा आहे.

आता तुझा प्रश्न. मी महिला-बालविकास खात्यात होते, बरीच वर्षं संस्थांमध्येच गेली, आता रिटायर. घरी आणू नकोस. तुझ्या मनाबद्दल शंका नाही, पण तिचं वाक्य परत वाच, मी घरातलं सगळं करीन, पगार नको. ती कामवाली म्हणून येतेय की मुलगी म्हणून की पाहुणी म्हणून, हे तुलाही माहीत नाही आणि तिलाही नाही, आणि पहिल्यांदा ती रात्री उशिरा आली किंवा मुलावर खेकसली की सगळा डोलारा हलणार. वर सासूबाईंपासून लपवायचं, म्हणजे तिनं तुझ्या घरात चोवीस तास खोटं बोलत राहायचं. त्या लॉजवरही तिला तेच करायला लावलं होतं ना, वय खोटं, नाव खोटं.

ऑफिसातल्या मॅडम जे बोलल्या ते चुकीचं आहे. १८ पूर्ण झाली की ती सज्ञान, तिला कुणी न्यायला येण्याचा प्रश्नच नाही, ती म्हणेल तिथं जाईल. खरा धोका आत्ताच्या महिन्यात आहे. अजून ती अल्पवयीन आहे, आईनं बालकल्याण समितीकडे ताब्यासाठी अर्ज टाकला आणि समितीनं घाईत मान्य केला तर वाढदिवसाच्या आधीच ती त्या घरात असेल, आणि सतरा वर्षं अकरा महिन्यांच्या मुलीची फाइल बंद करायला सगळेच उत्सुक असतात, हे मी डोळ्यानं बघितलंय. म्हणून या आठवड्यात तिनं स्वतःच्या अक्षरात समितीला अर्ज द्यायचा, मला घरी जायचं नाही, कारण हे हे, तो माणूस घरी येतो. त्यावर गृहचौकशी मागवायची. ती चौकशी नुसती आईला फोन करून उरकायची नसते, घरी जाऊन, आजूबाजूला विचारून करायची असते, आणि त्या मानलेल्या भावाचं नाव त्यात आलंच पाहिजे.

दुसरा अर्ज, अनुरक्षणाचा, म्हणजे आफ्टरकेअर. बाल न्याय कायदा २०१५, कलम ४६. १८ ला संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांना २१ पर्यंत मदत मिळू शकते, अगदीच गरज असेल तर समितीच्या आदेशानं २३ पर्यंत. राहायची सोय, शिक्षण, ट्रेनिंग, महिन्याला थोडे पैसे. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेत महिना ४,००० रुपये धरलेत, ते वेळेवर येतीलच असं मी म्हणणार नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा आणि विचार की हिचा वैयक्तिक संगोपन आराखडा कुठाय. प्रत्येक मुलीच्या फाइलमध्ये असायला हवा. बऱ्याचदा असतो, एका पानाचा, सगळ्या मुलींचा सारखाच, 'शिवणकाम शिकण्याची आवड आहे'.

घरी पाठवण्याबद्दल एवढं का बोलतेय ते सांगते. १९९६ साली मुंबईत कामाठीपुऱ्यात हायकोर्टाच्या आदेशानंतर मोठी कारवाई झाली, चारशेहून जास्त मुली एका झटक्यात बाहेर काढल्या, त्यात पुष्कळशा नेपाळच्या. पण त्यांना ठेवायचं कुठे, त्यांच्याशी बोलणार कोण, याचा विचारच नव्हता, सरकारी गृहं तुडुंब भरली आणि महिनोनमहिने मुली नुसत्या अडकून पडल्या. मग २००२ मध्ये प्रेरणा संस्थेच्या याचिकेवर हायकोर्टानं नियम घालून दिले. सोडवलेली मुलगी अल्पवयीन असेल तर ती समितीसमोरच जाणार, तिला आरोपीसारखं वागवायचं नाही, आईबापांकडे द्यायची तरी आधी ते देण्यालायक आहेत का बघायचं. आणि मला सगळ्यात आवडलेला नियम, जो वकील दलालाचा किंवा घरवालीचा, म्हणजे कोठा चालवणाऱ्या बाईचा, आहे तो त्याच केसमध्ये मुलींचा वकील म्हणून उभा राहू शकत नाही. विचार कर, हे लिहून द्यावं लागलं, म्हणजे तोवर काय चाललं होतं.

आणि ते, तिथं हातात पैसे असायचे. घाबरू नकोस, ती व्यवहाराचं बोलतेय. तिथं तिला लुबाडत होतेच, पण टिप म्हणून शंभर-दोनशे हातात पडायचे, त्याचं ती काय घेईल ते तिचं. संस्थेत दोन वर्षं एक रुपया हातात नाही, फोन नाही, एकटीनं दुकानात जाणं नाही. अशा मुलीला अठराव्या वाढदिवसाला रस्त्यावर सोडलं की तिला ओळखीचे नंबर दोनच, एक आईचा आणि एक दलालाचा.

सुहास_नाशिक:

एवढं कायदे-कलम करत बसण्यापेक्षा एखादा चांगला मुलगा बघून लग्न लावून द्या की. बऱ्याच संस्था लावतात. मुलगी मार्गी लागेल, सगळे प्रश्न मिटतील. बाकी पोलिसांनी ते बुधवार पेठ वगैरे एकदाचं साफ का करत नाहीत कळत नाही.

जुनीजाणती:

सुहासराव, संस्थेत मुलगी बघायला येणारी स्थळं मी बघितली आहेत. चाळिशी उलटलेली, एक लग्न मोडलेलं, आणि पहिला प्रश्न, स्वैपाक सगळा येतो ना. दुसरा प्रश्न खाजगीत, आजार वगैरे काही नाही ना. चांगली लग्नंही झालीत, नाही म्हणत नाही, पण ती मुलीनं चार पैसे कमवायला लागल्यावर स्वतः ठरवलेली. पिटा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात कलम १७ अ आहे, सोडवलेल्या व्यक्तीला आईबाप, पालक किंवा नवरा यांच्या ताब्यात देण्याआधी मॅजिस्ट्रेटनं मान्यताप्राप्त संस्थेकडून चौकशी करून घ्यायची. तिथं नवरा शब्द उगाच नाही. कोर्टाच्या आवारात फोटो, मंगळसूत्र घेऊन 'ही माझी बायको' म्हणणारे उभेच असतात, आणि तो नवरा कोण निघतो ते तुम्हीच ओळखा.

कृष्णाकाठ:

सुहास, साफ करा म्हणजे काय करा? मी सांगलीचा, आमच्याकडं या विषयावर लई वर्षं काम चाललंय, संग्राम संस्थेचं आणि धंद्यातल्या बायकांच्या स्वतःच्या संघटनेचं, व्हॅम्पचं. त्यामुळं थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका.

अल्पवयीन पोरीला धंद्यात आणणं आणि सज्ञान बाईनं स्वतः ठरवून हे काम करणं या दोन गोष्टींची सरमिसळ केली की दोघींचंही वाटोळं होतं. पोरीच्या बाबतीत चर्चाच नाही, १८ खाली संमती हा विषयच येत नाही, पॉक्सो, म्हणजे पोरांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा लागतो, संपलं. पण सरसकट रेड पडते तेव्हा पस्तिशीची, दोन पोरं सांभाळणारी बाईपण उचलून सुधारगृहात टाकतात. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई हायकोर्टानं अशा तीन सज्ञान बायकांना सोडायचा आदेश दिला आणि सांगितलं की सज्ञान बाईला तिच्या मर्जीविरुद्ध डांबता येत नाही. मे २०२२ ला सुप्रीम कोर्टानंपण राज्यांना सांगितलं की संरक्षणगृहांचा सर्व्हे करा, सज्ञान बायका मर्जीविरुद्ध ठेवल्या असतील तर सोडा, पोलिसांनी इज्जतीनं वागावं.

आणि वस्तीत नवीन कोवळी पोरगी आली तर सगळ्यात आधी कळतं कुणाला? तिथल्या बायकांनाच. त्यांना पोलिसांची भीती नसेल तर त्या सांगतात. भीती असेल तर गप्प बसतात. एवढं साधं आहे.

सोनचाफाताई, तुमच्या पोरीबद्दल जुनीजाणती सांगतायत तेच बरोबर. फक्त एक, ती पुढं जाऊन काय करंल, परत गेली तर काय, ही भीती तिच्यासमोर दाखवू नका. सारखं संशयानं बघणारं माणूस नको असतं कुणालाच.

मांडवीतीर:

साफ करण्याचं उदाहरण आमच्या गोव्यात आहे. वास्कोचं बायणा, २००४ च्या पावसाळ्यात सरकारनं बुलडोझर लावून वस्ती पाडली, पुनर्वसन करू म्हणाले. बायका भर पावसात उघड्यावर, आणि धंदा काय संपला? लॉजमध्ये, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, मसाज पार्लरमध्ये पांगला, आता मोबाइलवर. आधी निदान संस्थेच्या बाईला माहीत असायचं की मुलगी कुठल्या घरात आहे. आता प्रत्येक वेळी नव्यानं शोधा.

चांगलं पण सांगतो. अर्ज नावाची संस्था आहे, अन्याय रहित जिंदगी, त्यांनी २००६ मध्ये लाँड्री काढली, स्विफ्ट वॉश. यांत्रिक लाँड्री, मशीनवर काम, महिन्याला पगार. मला त्यातलं महत्त्वाचं हे वाटतं की काम आणि आधार एकाच ठिकाणी आहे. कोर्टाची तारीख आली, दवाखान्यात जायचंय, एखाद्या दिवशी अंथरुणातून उठवतच नाही, तर लगेच नोकरी जात नाही. साध्या दुकानात तिसऱ्या खाड्याला काढून टाकतात. पुण्यात अशी काही सोय आहे का कुणाला माहिती?

काळाकोट:

मी वकील, जिल्हा कोर्टात पॉक्सोच्या केसेस बघतो, पीडितांच्या बाजूनं. सोनचाफा, तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य बाकीच्यांच्या नजरेतून सुटलं, तिची साक्ष अजून झालेली नाही.

आई अचानक एवढी प्रेमानं का बोलावतेय, स्थळ का तयार आहे, याचं उत्तर बऱ्याचदा तिथं असतं. साक्षीआधी मुलगी घरी आली, लग्न झालं, की नवऱ्याकडचे म्हणतात कोर्टात नाव नको, आणि मुलगी फितूर. आरोपी सुटतात. मी आईवर आरोप करत नाही, तिलाही कदाचित दम दिला असेल किंवा पैसे. पण धरून चालायचं ते हेच.

तर सरकारी वकिलांना भेटा, एकट्या नाही, संस्थेच्या अधीक्षिकेला घेऊन. तिला धमकी किंवा आमिष येत असेल तर साक्षीदार संरक्षण योजना आहे, २०१८ पासून, अर्ज जिल्ह्यातल्या मुख्य सरकारी वकिलांमार्फत जिल्हा पातळीवरच्या समितीकडे करता येतो. आईच्या फोनच्या तारखा लिहून ठेवा. साक्ष इन कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड होते, आरोपी तिच्या नजरेसमोर येऊ नये अशी व्यवस्था कोर्टानं करायची असते, पडदा किंवा व्हिडिओ लिंक. ती आता १८ ची होतेय म्हणून पॉक्सोचं संरक्षण गेलं असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, गुन्हा घडला तेव्हाचं वय बघतात.

वयावरूनच आठवलं. आरोपीचा वकील पहिला हल्ला वयावर करतो, की ती सज्ञानच होती. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा किंवा बोर्डाचा जन्मतारखेचा दाखला, तो नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि हे दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. तुमच्या मुलीच्या फाइलमध्ये काय लागलंय बघा. नुसता डॉक्टरचा रिपोर्ट असेल तर शाळेचा दाखला मिळवायच्या मागे लागा, तोच पुढे बाकीच्या कागदांनाही लागणार आहे.

पैसे. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांत अंतरिम नुकसानभरपाईची तरतूद आहे, एफआयआर झाल्यापासून कधीही विशेष कोर्ट देऊ शकतं, निकालाची वाट बघायची गरज नाही. शिवाय महाराष्ट्राची मनोधैर्य योजना, २०१३ पासूनची, ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळते. प्राधिकरणाचं ऑफिस कोर्टाच्या आवारातच असतं, वकील फुकट देतात, १५१०० वर फोन केला तरी चालतं. मोठी रक्कम बहुतेक मुदत ठेवीत टाकतात, ते बरंही असतं. पण एक गोष्ट बघा, पैसे तिच्या एकटीच्या नावावरच्या खात्यात. आईबरोबर जॉइंट खातं अजिबात नको. माझ्या एका केसमध्ये मंजूर झालेली रक्कम घरच्या स्लॅबमध्ये गेली आणि मुलीला घरात झोपायला जागा नव्हती.

नाव_नको:

हे अकाउंट आजच उघडलं. मी पण संस्थेतूनच बाहेर पडले, आता सव्वीसची आहे. कुठली संस्था, कुठलं शहर विचारू नका.

शिलाई मशीन देऊ नका प्लीज. हे सगळ्यात आधी. मला शिवण, मेंदी, अगरबत्ती आणि पापड सगळ्याचं सर्टिफिकेट आहे आणि त्यातल्या एकावरही मी एक महिना भाडं भरू शकले नसते. फोटो काढायला साहेब येतात, मशीन देतात, फोटो पेपरमध्ये, आपला चेहरा ब्लर. तिला हिशोब येतो ना, मग मेडिकल दुकान, बिलिंग, टॅली, डेटा एंट्री, काहीही जिथं बसून काम आहे आणि महिन्याच्या महिन्याला बँकेत पगार येतो ते शिकवा. पहिला पगार आला तेव्हा मी एटीएमला जाऊन नुसता बॅलन्स बघितला, पैसे काढलेच नाहीत.

मी मधे एकदा परत गेले होते. बाहेर पडून वर्षही झालं नव्हतं, नोकरी सुटली, रूमवाली बाई भाडं मागायला लागली, आणि तिथली जुनी दीदी, जिच्याकडं मी होते, फोनवर इतकं गोड बोलली, म्हणाली तू माझी पोरगी आहेस. तुम्हाला वाटेल वेडी आहे का ही, पण तिनं मला तापात मांडीवर घेऊन बसलेलं मला आठवत होतं, मारलेलं पण आठवत होतं, दोन्ही एकदम आठवतं. नंतर मी तिथून फोन केला तो आमच्या संस्थेत, तर त्या म्हणाल्या आता तू मोठी आहेस, तुझा निर्णय होता. दुसरा फोन केला शिकवायला यायची त्या मॅडमना. त्या रिक्षा करून स्टेशनवर आल्या, वडापाव दिला, काही विचारलं नाही. म्हणून सोनचाफा ताई तुम्हाला सांगते, परत गेली तर काय असं विचारू नका, परत गेली तरी तुमचा नंबर तिला पाठ पाहिजे. मोबाइलमध्ये सेव्ह नाही, मोबाइल पहिला काढून घेतात. पाठ.

घरी नका नेऊ, ते बरोबर सांगतायत सगळे. मला एकीनं नेलं होतं. चांगली होती. पण प्रत्येक पाहुण्यासमोर मी गावाकडची नातेवाईक, आणि कपाटाला कुलूप लागलं की मला वाटायचं माझ्यामुळंच लागलं. त्यापेक्षा वर्किंग वुमन्स हॉस्टेल बघा. तिथं अडचण एकच येते, लोकल गार्डियन विचारतात. सगळ्या पोरींना काका-मामा असतात, आपल्याला कोण? तिथं सही करा तुम्ही. त्या एका सहीसाठी मी फार हिंडले होते.

आणि चिडते म्हणालात. मी पण चिडायचे. मला रात्री झोपच यायची नाही, दिवे गेले की घाम फुटायचा, आणि सकाळी सहाला प्रार्थनेला उठवायचे, नाही उठले की शिस्त नाही म्हणून रिपोर्ट. झोपेचं बघा आधी. डॉक्टर लागला तर लाजू नका.

काळाकोट:

नाव_नको, लिहिलंत त्याबद्दल आभार. सल्लागार शोधायला वेळ लागतो, तोवर टेली मानस १४४१६, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

सुहास_नाशिक:

ठीक आहे, मी वरवर बोललो. माझ्या भावाचं नाशिकला अकाउंटिंगचं क्लास आहे, टॅली शिकवतो. पुण्यात त्याचे ओळखीचे आहेत, फीचं बघता येईल. मुलीबद्दल त्यांना काही सांगायची गरज नाही.

जुनीजाणती:

हे बरं बोललात.

सोनचाफा, लोकल गार्डियनची कल्पना उत्तम आहे, मला आधी सुचायला हवी होती. मिशन शक्ती या केंद्राच्या योजनेत नोकरदार महिला वसतिगृहांना आता सखी निवास म्हणतात, तिथं ट्रेनिंग घेणाऱ्या मुलींनाही घेतात, जागा किती हा प्रश्न आहेच. जागा मिळेपर्यंत आफ्टरकेअरमध्ये राहू दे. शक्ती सदन म्हणून दुसरी एक योजना आहे, पूर्वीच्या स्वाधार आणि उज्ज्वला एकत्र करून केलेली, अडचणीतल्या बायका आणि मानवी वाहतुकीतून सुटलेल्यांसाठी आहे, पण तिथं परत संस्थाच, गेटवर रजिस्टर, बाहेर जायला परवानगी. तिला दोन्ही दाखव आणि तिलाच निवडू दे.

आणि दहावी. बोर्डाचा सतरा नंबर फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, पाचवी पास आणि वय चौदा पूर्ण असलं की चालतं, तिची आठवी झालीय म्हणजे अडचण नाही. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो मागायला तिला किंवा आईला गावी पाठवू नका. अधीक्षिकेनं मुख्याध्यापकांना संस्थेच्या लेटरहेडवर पत्र टाकायचं, विद्यार्थिनी आमच्याकडे शिक्षणासाठी आहे, दाखला पोस्टानं पाठवावा, बस. काळाकोट म्हणाले तो वयाचा पुरावाही त्याच पत्रात येतो. आधारवरचा पत्ता पण आत्ताच बदलून घ्या, मान्यताप्राप्त संस्थेच्या प्रमुखाचं प्रमाणपत्र त्याला चालतं. १८ झाल्यावर संस्था म्हणेल आता ती आमची नाही आणि मग आधारवर गावचा पत्ता तसाच राहतो, पुढचं प्रत्येक पत्र आईच्या घरी.

सोनचाफा:

तुम्हा सगळ्यांना काय म्हणू. काल ऑफिसमधून हाफ डे टाकून अधीक्षिकांना भेटले. त्या चांगल्या आहेत हो, ऐंशी मुली आणि स्टाफ अर्धा, त्यांनाही आईच्या स्थळाचं माहीत नव्हतं. आम्ही तिलाच बसवून अर्ज लिहून घेतला. समितीला काय काय सांगायचं हे मी सांगायला लागले तर म्हणाली ताई मला येतं, तुम्ही फक्त शुद्धलेखन बघा. दीड पान लिहिलं. त्या माणसाचं नाव पहिल्यांदाच कागदावर आलं.

घरी येण्याचं तिला मी स्पष्ट नाही सांगितलं, पण हॉस्टेलच्या फॉर्मवर सही माझी असेल आणि रविवारी जेवायला यायचं ते जेवायलाच, काम करायला नाही. थोडा वेळ फुगून बसली. मग विचारलं टॅलीला कॉम्प्युटर स्वतःचा लागतो का. माझा नंबर तिला पाठ करायला सांगितला तर तो तिला आधीपासून येत होता, हजेरीच्या वहीवर लिहिलेला बघून.

दोन प्रश्न राहिले. समितीची बैठक पुढच्या मंगळवारी आहे, मी बाहेरची व्यक्ती म्हणून तिच्याबरोबर आत जाऊ शकते का? आणि आई त्याच दिवशी आली तर?

काळाकोट:

आत बसू द्यायचं की नाही ते समिती ठरवते, पण अधीक्षिकेच्या पत्रात तुमचं नाव स्वयंसेवी शिक्षिका म्हणून घाला आणि मुलीनं अर्जातच लिहावं की ही व्यक्ती सोबत हवी आहे. पॉक्सोमध्ये सपोर्ट पर्सन, म्हणजे केसभर मुलीला साथ देणारी व्यक्ती नेमायची तरतूद आहे, तुमच्या केसमध्ये नेमलेली नसेल तर ते पण त्याच दिवशी मागा. नेमलेली असेल तर ती व्यक्ती दोन वर्षं कुठे होती ते विचारा.

आई आली तर येऊ द्या, तिलाही ऐकून घेतील. मुलीचं म्हणणं आईच्या समोर घेऊ नका, वेगळ्या खोलीत घ्या, एवढी विनंती आधीच लेखी द्या. आणि जे काही द्याल त्याच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन या. मंगळवारी काय झालं ते इथं कळवा, तपशील वगळून.